अ‍ॅपच्या परवानग्या : द्याव्यात किती, काढाव्यात कशा?

कॅमेरा, मायक्रोफोन, स्थान, छायाचित्रे, संपर्कयादी यांचा वापर करण्यासाठी मोबाइलधारकाने अ‍ॅपला दिलेली मुभा म्हणजे अ‍ॅप परवानगी. अँड्रॉइडवर पूर्वी अ‍ॅप इन्स्टॉल करतानाच सर्व परवानग्या एकगठ्ठा मान्य कराव्या लागत. २०१५ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीपासून त्या वापराच्या वेळी, स्वतंत्रपणे मागितल्या जाऊ लागल्या.

निकष : अ‍ॅपचे काम आणि मागणी यांचा मेळ बसतो का, हे पाहावे. टॅक्सी बोलावणाऱ्या अ‍ॅपला स्थान लागते. टॉर्चच्या अ‍ॅपला संपर्कयादीची गरज नसते.

मर्यादित मुभा : ‘फक्त अ‍ॅप वापरताना’ किंवा ‘फक्त या वेळी’ हे पर्याय बहुतेक कामांना पुरतात. आयओएस १४ (२०२०) आणि अँड्रॉइड १२ (२०२१) पासून अचूक स्थानाऐवजी अंदाजे स्थान देता येते; हवामानाच्या अ‍ॅपला तेवढे पुरेसे असते. आयफोनवर निवडक छायाचित्रे आणि आयओएस १८ पासून निवडक संपर्कही देता येतात.

संपर्कयादी : या परवानगीबाबत विशेष सावधगिरी हवी, कारण ती देताना आपल्यासह इतरांचीही माहिती आपण देत असतो. परदेशातील मोबाइलमध्ये गावाकडच्या आईवडिलांचे, आप्तांचे क्रमांक असतात; त्यांना मात्र कोणी विचारलेले नसते. भारतात कर्ज देणाऱ्या काही अ‍ॅपनी वसुलीसाठी कर्जदारांच्या नातलगांना सतावल्याचे प्रकार उघड झाले. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जासंबंधीच्या मार्गदर्शक तत्त्वांत, अशा अ‍ॅपनी संपर्कयादी, कॉलच्या नोंदी व फाइल्सना हात लावू नये, असे बजावले.

तपासणी : आयफोनवर सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ येथे, तर अँड्रॉइडवर ‘परमिशन मॅनेजर’मध्ये कोणत्या अ‍ॅपला काय दिले आहे, ते दिसते व तेथूनच मुभा काढून घेता येते. पडद्याच्या वरच्या भागातील हिरवा ठिपका कॅमेरा सुरू असल्याचे सांगतो. मायक्रोफोनसाठी आयफोनवर नारिंगी, तर अँड्रॉइडवर हिरवीच खूण असते.

मर्यादा : परवानगी काढल्याने पुढील वापर थांबतो; आधीच कंपनीकडे गेलेली माहिती परत येत नाही. अ‍ॅप काढून टाकल्यानेही ती आपोआप पुसली जात नाही. त्यासाठी खाते बंद करून माहिती पुसण्याची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते. युरोपीय संघ, ब्रिटन आणि कॅलिफोर्नियातील कायद्यांनी, काही अपवाद वगळता, हा अधिकार दिला आहे. तरीही माहिती परत मागण्यापेक्षा ती मुळात न देणे केव्हाही सोपे.