समुद्र कोणाच्या वहिवाटीचा?

दक्षिण चिनी समुद्रात चिनी तटरक्षक जहाजे फिलिपिन्सच्या बोटींवर पाण्याचे मारे करतात, अमेरिकेच्या युद्धनौका तिथून मुद्दाम फिरतात आणि आपल्याकडची चॅनेल्स तिसरे महायुद्ध जाहीर करून मोकळी होतात. आम्हाला या भांडणात एकच शब्द ओळखीचा वाटतो : ‘पूर्वापार’.

१९४७ साली चँग कै-शेकच्या सरकारने नकाशावर अकरा तुटक रेघा ओढल्या. कम्युनिस्टांनी ते सरकार उलथवले, रेघा मात्र ठेवल्या. पुढे दोन पुसून नऊ केल्या. (सत्ता बदलते, वारसाहक्काचा माज बदलत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.) १९७४ मध्ये पॅरासेल बेटांवर रक्त सांडले. १९८८ मध्ये जॉन्सन साऊथ रीफवर व्हिएतनामचे ६४ जवान मारले गेले.

चीन म्हणतो, आमचे खलाशी दोन हजार वर्षे इथे येतात. येत असतील. पण ६७१ साली नालंदेच्या ओढीने ग्वांगझोऊहून निघालेला चिनी भिक्खू इत्सिंग इराणी व्यापाऱ्याच्या जहाजातून गेला होता. तो समुद्र तेव्हाही सगळ्यांच्या वापरातला होता.

आता महाड आठवा. १९२७ च्या सत्याग्रहानंतर सवर्ण कोर्टात गेले. तळे आमचे आणि अस्पृश्यांना मनाई ही पूर्वापार रूढी, असा त्यांचा दावा. बाबासाहेब त्यात प्रतिवादी होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने दावा फेटाळला, कारण तशी अनादी रूढी वादींना सिद्धच करता आली नाही. आपण वापरत आलो म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क मिळाला, असे होत नाही.

फिलिपिन्सच्या खटल्यात १२ जुलै २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय लवादाने जवळपास हेच सांगितले. त्या पाण्यावर चीनचा एकट्याचा ताबा होता, याचा पुरावा नाही. स्कारबरोचा खडक कोणाचा, हे लवादाने ठरवलेच नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्यांना अडवता येणार नाही, एवढे मात्र ठामपणे सांगितले. मालकी बाजूला ठेवून वापराचा हक्क राखणारा हा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

चीनने निकाल झुगारला. आणि कायद्याचे धडे देणाऱ्या अमेरिकेने १९८२ च्या सागरी कायदा कराराला अजून मान्यताच दिलेली नाही! सप्टेंबर २०२३ मध्ये चीनने स्कारबरोच्या तोंडाशी तरंगता अडसर लावला. फिलिपिन्सच्या तटरक्षकांनी त्याचा दोर कापला.