झटपट खाद्यपदार्थ आणि रक्तशर्करा

झटपट खाद्यपदार्थ (फास्ट फूड) खाल्ल्यानंतर रक्तातील ग्लुकोजची पातळी एकदम वाढू न देणे हा मधुमेहाच्या व्यवस्थापनाचा एक भाग आहे. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार गर्भवती वगळता बहुतेक प्रौढ मधुमेहींची रक्तशर्करा जेवण सुरू केल्यापासून १ ते २ तासांनी १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असावी.

कारणे

वडापाव, समोसा, पावभाजी, बर्गर इत्यादी पदार्थांत मैदा वा बटाटा यांचे प्रमाण अधिक आणि तंतुमय घटक कमी असतात. त्यांतील पिष्टाचे ग्लुकोजमध्ये लवकर रूपांतर होते. स्निग्धांशामुळे जठर रिकामे होण्यास वेळ लागतो. त्यामुळे पिझ्झासारख्या पदार्थानंतर शर्करा काही तास उशिराही वाढू शकते. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयात साधारणपणे ३० ग्रॅम साखर असते व ती त्वरित शोषली जाते.

पुणे परिसरातील संदर्भ

मुळशी तालुक्यातील माण गावाच्या हद्दीत हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा येतो. बैठे काम, रात्रपाळी आणि जेवणाच्या अनियमित वेळा हे अशा क्षेत्रांतील नोकरीचे घटक मधुमेहाचा धोका वाढवतात. सडपातळ व्यक्तीही या धोक्यापासून मुक्त नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत सुरू केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांपेक्षा ती वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. कमी वजनातही मेद अधिक असण्याच्या या शरीररचनेचा मधुमेहाच्या प्रवृत्तीशी संबंध जोडला जातो.

आहारविषयक उपाय

* काकडी, गाजर, कोशिंबीर किंवा प्रथिनयुक्त पदार्थ आधी व पाव शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची वाढ कमी राहते.
* मिसळपावमध्ये मोड आलेल्या मटकीचे प्रमाण वाढवून पाव व फरसाण कमी करता येते.
* एका वेळी एकच पिष्टप्रधान पदार्थ घ्यावा. वडापावासोबत बटाट्याचे काप टाळावेत.
* शीतपेयाऐवजी पाणी, साखरविरहित ताक वा बिनसाखरेचा चहा घ्यावा.
* जेवणानंतर १० ते १५ मिनिटे चालल्यास स्नायू ग्लुकोज वापरतात.

औषधे घेणाऱ्यांसाठी

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण टाळल्यास वा लांबवल्यास शर्करा धोकादायकरीत्या कमी होऊ शकते. घाम, थरथर, धडधड व गोंधळलेली मनःस्थिती ही त्याची लक्षणे आहेत. ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी पातळी आढळल्यास शुद्धीवर असलेल्या रुग्णास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करतात. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी. औषधांच्या मात्रेत बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावा.

हे सुद्धा पहा

मधुमेह, इन्सुलिन, वडापाव