मानवतची आठवण

२०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली आणि आमच्या परतूरच्या घरात जुनी भीती जागी झाली. १९७२चा दुष्काळ, आणि मानवतला गुप्तधनाच्या हव्यासापायी गेलेले मुली-बायकांचे बळी. तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यातच होतं. जालना जिल्हा झाला १९८१ मध्ये.

मुलं रमाकांत कुलकर्णींच्या तपासावर बोलत होती. आई म्हणाली, ‘दिवेलागणीनंतर आम्ही पोरींना अंगणातही सोडत नव्हतो.’

तपास करणाऱ्याचं नाव घरात सगळ्यांना पाठ झालं. बळी गेलेल्या एकाही मुलीचं नाव मला सांगता येईना. नरबळीविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं. श्रोतेहो, मालिका जरूर पाहा. पण खुनी सापडल्यावर बोलणं थांबवू नका.