जुनी मासेमारी नौका (खरेदी)

खोल समुद्रातील मासेमारीत वापरलेली इंजिनाची नौका दुसऱ्या मालकाने विकत घेण्याचा व्यवहार. महाराष्ट्रात तो कोकण किनाऱ्यावर चालतो: सातपाटी, वसई, वर्सोवा, करंजा, हर्णै, मिरकरवाडा, मालवण. छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून दूर असल्याने तेथे नौकेचा प्रश्न पैठणच्या नाथसागरापुरता येतो. तिथली अडचण वेगळी आहे.

विकणारा आधी इंजिन दाखवतो. घेणाऱ्याने आधी कागद मागावेत. जुन्या नौकांची नोंदणी १९५८च्या व्यापारी नौवहन अधिनियमाखाली झालेली असते, तर राज्याच्या हद्दीतील, म्हणजे १२ सागरी मैलांच्या आतील मासेमारीचा परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मिळतो. परवान्यावर जे जाळे लिहिले आहे तेच टाकता येते. पर्ससीन जाळ्यावर २०१६पासून कडक मर्यादा आहेत आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर दंडाचा आकडा लाखांत गेला आहे. म्हणून डोल जाळ्याचा परवाना असलेली नौका ‘नंतर पर्ससीन करू’ या बोलीवर घेणे हा शुद्ध जुगार होय.

नौकेवरचा ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक, इंजिनावर कोरलेला क्रमांक आणि प्रमाणपत्रातील नोंद जुळली पाहिजे. इंजिन बदलले पण नोंद बदलली नाही, ही नेहमीची गोष्ट. मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत राष्ट्रीय सहकारी विकास निगमाचे कर्ज काढून बांधलेल्या नौकाही पुष्कळ आहेत. बोजा उतरल्याचा दाखला हाती येईपर्यंत इसाराची रक्कम मोठी ठेवू नये. काही व्यवहार नुसत्या मुद्रांक कागदावर उरकतात आणि नौका जुन्या नाखव्याच्याच (मालकाच्याच) नावावर राहते. मग डिझेल परतावा आणि विमा त्याच्याच नावाने चालतात. २००८च्या मुंबई हल्ल्यात पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका अतिरेक्यांनी बळकावली होती. तेव्हापासून खलाशांची ओळखपत्रे आणि नौकेची कागदपत्रे समुद्रातही तपासली जातात.

लाकडी नौकेत तळ पाहावा. खिळ्यांभोवती काळपट वर्तुळे असतील तर लोखंड गंजून लाकूड खाल्ले आहे असे समजावे. तेथे अणकुचीदार हत्यार सहज रुतते. पाण्याखालच्या भागात समुद्री किडा फळी आतून पोखरतो आणि वरून फक्त बारीक छिद्रे दिसतात. ताजा रंग ही शोभा नव्हे, शंकेची जागा. फायबरच्या नौकेवर हत्याराच्या लाकडी मुठीने ठोकत जावे. खणखणीत आवाज अचानक बसका झाला, तर तिथले थर सुटले आहेत. बाहेर लावायच्या मोटारीचे वजन पेलणारी मागची फळी आत प्लायवूडची असेल तर ती भिजून कुजलेली असू शकते. बर्फाच्या खणाकडे सहसा कोणी पाहत नाही. त्याच्या आवरणात पाणी शिरले असेल तर बर्फ लवकर वितळतो, आणि चार-पाच दिवसांच्या फेरीत मासळीचा दर्जा तिथेच पडतो.

इंजिन थंड असताना सुरू करायला लावावे. आधीच तापवून ठेवलेले असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जावे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही, निळा म्हणजे तेल जळते. पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत शिरत असण्याचा संशय घ्यावा. गिअरबॉक्सचे तेल दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे. पितळी पंख्याला गुलाबी झाक आली असेल तर त्यातले जस्त खाऱ्या पाण्यात निघून गेले आहे. असा पंखा ठिसूळ असतो. इंजिनाचे वय सांगताना मालक वर्षे सांगतो, तांडेलाला (नौका चालवणाऱ्याला) विचारले तर तो फेऱ्या सांगतो. तांडेलाचे ऐकावे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. नौका ओढून शाकारल्यावर तळ नीट दिसतो, पण समुद्रात चालवून पाहता येत नाही, ऑगस्टमध्ये उलटे. सौदा मेअखेर ठरवावा, आधी चालवून पाहावी आणि वर ओढल्यावर तळ तपासूनच उरलेली रक्कम द्यावी.

नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात (धरणाचे उद्घाटन १९७६), मासेमारी मुख्यतः वल्ह्याच्या होड्या आणि थर्माकोलच्या तराफ्यांवरून होते. हा जलाशय १९८६पासून पक्षी अभयारण्य असल्याने इंजिनाची नौका आणण्याआधी वनखात्याला विचारावे लागते. गोड्या पाण्यात चाललेली बाहेरची मोटार समुद्रावरच्या त्याच वयाच्या मोटारीपेक्षा कमी गंजलेली असते, म्हणून कोकणातल्या गिऱ्हाइकाने तिला थोडा जास्त भाव दिला तरी हरकत नाही. होडी मात्र सोबत नेऊ नये: सपाट तळ आणि ठेंगण्या काठांची ती रचना लाटांसाठी नसते. शिवाय अंतर्देशीय जलयानांसाठी २०२१चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे समुद्रातल्या मासेमारीसाठी तिची कागदपत्रे नव्याने करावी लागतात.