चार पावलं

पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला, की घरातले, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच सांगतात - "आधी एक्स-रे काढ!" १९९० च्या आसपास कॅनडातल्या इमर्जन्सी विभागांतही हेच चालायचं. मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे जवळजवळ ठरलेला, आणि फ्रॅक्चर निघायचं शंभरात पंधराहून कमी जणांना.

ओटावाच्या डॉ. इयन स्टील यांना प्रश्न पडला, की नुसत्या हाताने तपासून "फ्रॅक्चर नाही" असं खात्रीने सांगता येईल का? त्यांच्या टीमने दोन रुग्णालयांत ७५० पेशंट तपासले, प्रत्येकाच्या ३२ गोष्टी नोंदवल्या. मग आकडेमोड करून कामाच्या तेवढ्याच ठेवल्या. हा अभ्यास १९९२ मध्ये छापून आला. पहिल्या मसुद्यात वयाचीही अट होती. १९९३ मध्ये नव्या पेशंटवर पडताळताना ती गळाली. (आपल्या भाषेत व्हर्जन २! :) )

नियम असा. घोट्याच्या भागात दुखतंय? मग आतल्या आणि बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, दाबून बघा. हाडावरच दुखलं तर एक्स-रे. दुखापत झाल्यावर लगेच आणि नंतर डॉक्टरांसमोरही चार पावलं टाकता आली नाहीत, तरी एक्स-रे. लंगडत टाकलेली चालतात. यातलं काहीच नसेल तर गरज नाही. पावलाच्या मधल्या भागासाठी दाबायच्या दोन जागा वेगळ्या आहेत.

गंमत बघा, ज्या सुजेला आपण सगळ्यात जास्त घाबरतो, ती या यादीत नाहीच!

मला यातलं आवडलं ते वेगळंच. या लोकांनी नियम "अचूक" करायचा हट्ट धरला नाही. फ्रॅक्चर नसलेल्या कितीतरी जणांना हा नियम तरीही एक्स-रेला पाठवतो, आणि ते त्यांनी जाणूनबुजून चालवून घेतलं. कारण दोन चुका सारख्या नसतात. फुकटचा एक्स-रे म्हणजे थोडा वेळ आणि पैसा, सुटलेलं फ्रॅक्चर म्हणजे कदाचित कायमचा अधू पाय. कुठली चूक परवडते हे आधी ठरवलं, नियम मग बनवला.

फायदा झाला का? १९९४ च्या अभ्यासात नियम लावलेल्या रुग्णालयात घोट्याचे एक्स-रे २८ टक्क्यांनी घटले. एक्स-रेशिवाय सुटलेल्यांना सरासरी ८० मिनिटं लागली, बाकीच्यांना ११६. २००३ मध्ये २७ अभ्यास आणि १५,५८१ पेशंट एकत्र पाहिले, तेव्हा नियमाने सोडलेली फ्रॅक्चर होती फक्त ४७.

अर्थात, हे घरगुती औषध नव्हे. पेशंट नशेत असेल, किंवा मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली असेल, तर "दुखत नाही" या उत्तराला अर्थ उरत नाही. शिवाय हा नियम हाडापुरता आहे. लिगामेंट फाटलंय का, घोटा किती वळतोय, हे वेगळं तपासावंच लागतं. "फ्रॅक्चर नाही" म्हणजे "काही झालं नाही" असं नव्हे.

पण पुढच्या वेळी डॉक्टर चिठ्ठी लिहायच्या आधी घोट्याची कड दाबून "जरा चार पावलं चालून दाखवा" म्हणाले, तर टाळाटाळ समजू नका. त्या चार पावलांमागे हजारो पाय आहेत.