म्यानातला गंज

म्यानात शस्त्र सुरक्षित राहते असे आपण समजतो. पण तेच त्याला खातेही. मराठ्यांच्या तलवारीचे म्यान लाकडी, वर चामडे किंवा मखमल. आत ओल धरली की पात्याचे पाणी गेलेच. ब्रिटिश सैन्याने १८८७ साली वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतले, त्यालाही हेच दुखणे. चामडी पिशवीतून काढता-घालता नळीच्या टोकावरचा निळसर-काळा थर झिजे आणि उघड्या पोलादावर गंज चढे.

आपली खंडेनवमी येते नेमकी पावसाळा सरताना. शस्त्र बाहेर काढायचे, पुसायचे, तेल लावायचे, मग पूजा. १८७८च्या कायद्याने शस्त्रांना परवान्याची अट आली. आमच्या राळेगावकडे आता विळे-कुऱ्हाडीच पुजतात. त्याही आधी पुसाव्यात. कुंकवाने गंज जात नाही.