खरारा करणारा हात



आपल्या इंदुरात ‘पागनीस पागा’ नावाची वस्ती आहे. पागा म्हणजे घोड्यांचे ठाणे, पागनीस म्हणजे तिचा हिशेब लिहिणारा. घोडे गेले, नाव राहिले. पागे, पागनीस, चाबुकस्वार, नालबंद ही आडनावेही राहिली. पण पहाटेपासून रात्रीपर्यंत घोड्याजवळ असणारा मोतद्दार मात्र आपल्या आठवणीतून गेला. आज त्याच्या कामाविषयी थोडे बोलायचे आहे.

कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था नोंदवली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल या गोष्टी राज्याने तलवारीइतक्याच महत्त्वाच्या मानल्या होत्या. बारगिराचे घोडे सरकारचे, शिलेदाराचे स्वतःचे. शिलेदाराचे घोडे मेले की त्याची रोजीच गेली. तेव्हा घोड्याची निगा ही हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता.

या निगेचा गाभा म्हणजे खरारा. घामेजलेले घोडे आधी सावकाश फिरवून थंड करायचे. मग मानेपासून मागे गोल गोल खरारा फिरवून धूळ आणि गळलेले केस वर आणायचे. तोंडावर आणि गुडघ्याखाली हाडाला कातडी चिकटलेली असते, तिथे खरारा लावायचा नाही. त्यानंतर केसांच्या दिशेने ब्रश. गवताची वळी करून पुठ्ठ्यावर आणि मानेवर मालीश. शेवटी खूर उचलून टाचेकडून पुढे माती काढायची. हे करताना हाताला गाठ लागते, खोगिराखालची सोललेली जागा सापडते, तापलेला खूर कळतो. खरारा म्हणजे घोड्याची रोजची तपासणीच होती.

कंपनी सरकारने आपला शिलेदार ‘सिल्लादार’ म्हणून उचलला. स्वाराने घोडे आणि सरंजाम स्वतः आणायचा, किंवा त्यापोटी ‘आसामी’ची रक्कम भरायची, ही पद्धत हिंदी रिसाल्यांत पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. याच छावण्यांतून घोडेस्वारीचे खेळ वाढले. मणिपूरचा खेळ पाहून 1859 साली सिल्चरला पोलोचा क्लब निघाला. नेजाबाजी तर रिसाल्याचीच कसरत.

खेळ बदलला तसा घोड्याचा साजही बदलला, आणि प्रत्येक बदलाला कारण होते. पोलोत डाव्या हातात लगाम, उजव्यात काठी. मोकळे केस दोन्हींत अडकतात, म्हणून आयाळ मुळापासून कापतात, शेपूट वेणी घालून दुमडून बांधतात आणि चारही पायांना पट्ट्या गुंडाळतात. ड्रेसाजमध्ये उलट. तिथे मानेची कमान परीक्षकाला दिसावी लागते, म्हणून आयाळीच्या लहान लहान गाठी गुंफतात. पायपट्ट्या मात्र रिंगणात चालत नाहीत, पाय उघडे दिसले पाहिजेत. अडथळ्यांच्या उड्यांसाठी पायाला संरक्षक बूट चढवतात, आणि गवत निसरडे असेल तर नालेत खिळे बसवतात. शर्यतीच्या घोड्याला हलकी ॲल्युमिनियमची नाल. मारवाडी घोडा मिरवायचा, तर त्याची लांब आयाळ तशीच विंचरून सोडतात. एकाच जनावराचे हे निरनिराळे वेश, पण सर्वांखाली खरारा तोच. वरचा साज कितीही नेटका असला तरी खालची कातडी निस्तेज असेल, तर जाणत्याला ती सगळी खोगीरभरती वाटते.

बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी 1945 साली 28,000 गिनींना एक शिंगरू घेतले. वर्षाच्या शिंगरासाठी तेव्हा ती विक्रमी किंमत होती. त्याचे नाव आजोबांचेच, ‘सयाजीराव’. 1947 साली त्याने इंग्लंडची सेंट लेजर जिंकली. पुढच्याच वर्षी गायकवाडांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली. निकालाच्या नोंदीत घोड्याचे, मालकाचे, शिक्षकाचे, जॉकीचे नाव असते. त्या सकाळी अंधारात उठून त्याचे अंग चोळणाऱ्याचे नसते. सभासदाने पखालजी आणि नालबंद लिहून ठेवले, तेही संख्येने, नावाने नव्हे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या दफ्तरांच्या पेट्या आहेत. त्यांत सनदा आणि वंशावळी आपण शोधतो. मोतद्दाराचा पगार, चंदीचा खर्च, नालबंदाची मजुरी असे कागद किरकोळ म्हणून बाजूला पडतात, कधी रद्दीतही जातात. त्या कागदांत एखादे नाव निघेल. रद्दीत टाकण्याआधी ते एकदा वाचावेत, इतकीच विनंती. आपले पूर्वज इथवर घोड्यावर बसून आले, पण त्या घोड्याला दुसऱ्या दिवशी चालण्याजोगे ठेवणारा हात कुणा दुसऱ्याचा होता.